मेलेल्या माणसाची सही



मागच्या खरिपात मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला, तेव्हा बैठकीसाठी आम्ही एका गावात गेलो होतो. एका घरासमोर निंबाखाली ट्रॅक्टर उभा होता. टायरवर धूळ, सीटवर कोंबड्या. आणि त्याच घरच्या वावरात शेजारच्या गावाहून तासाच्या भाड्याने आणलेला ट्रॅक्टर पेरणीआधीची शेवटची पाळी घालत होता. घरचा ट्रॅक्टर दारात आणि भाड्याचा वावरात, हा काय प्रकार, म्हणून आम्ही विचारले.

घरधनीण म्हणाली, "भाऊ, ट्रॅक्टर मालकाच्या नावावर आहे. मालक माघात गेले. नावावर करून द्या म्हणून हापिसात गेले, तर म्हणतात कोर्टाचा दाखला आणा. इमा सरला. इम्याबिगर रस्त्यावर काढायला ड्रायव्हर तयार नाही. हप्ता मात्र सुरू आहे. माणूस गेला हे गावाला कळलं, बँकेला कळलं, सरकारला काही कळेना."

कार्यालयाच्या फाटकाबाहेर तिला दलाल भेटला होता. त्याच्याकडे उपाय तयार होता. "ताई, कोर्टकचेरी कशाला? विक्रीचे फॉर्म भरू, तारीख मागची टाकू, मालकाची सही मी मारतो." बाईने नाही म्हटले. "ज्या माणसाला मी माझ्या हातानं शेवटचं पाणी पाजलं, त्याची सही दुसऱ्यानं करायची?" एवढेच ती बोलली आणि घरी आली. ती खरी वागली आणि तिचा ट्रॅक्टर निंबाखाली राहिला. ज्यांनी दलालाचे ऐकले त्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर पळत आहेत.

आम्ही शेतकीचे पदवीधर. कोणत्या जमिनीत ओल किती दिवस टिकते, पेरणी आठ दिवस लांबली तर कापसाच्या बोंडांवर काय परिणाम होतो, हे शिकण्यात आमची चार वर्षे गेली. पण पेरणी लांबते ती निव्वळ पावसामुळे नाही, कचेरीच्या खिडकीमुळेही लांबते, हे आम्हाला कोणत्याही वर्गात शिकवले नव्हते. वाफसा चार दिवसांचा असतो आणि फाईल चार महिन्यांची. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष त्या चार दिवसांवर उभे असते.

म्हणून या अंकात एकच गोष्ट सांगायची आहे. घरचा माणूस गेल्यावर त्याची गाडी वारसाच्या नावावर करण्याचा कायदा छोटा आहे, सोपा आहे. तो अवघड केला खिडकीने. आणि खिडकीला ते करू दिले आपण, कारण आपण तो कधी वाचला नाही.

कायद्यात काय लिहिले आहे

मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो आणि त्याखालचे केंद्रीय मोटार वाहन नियम १ जुलै १९८९ पासून लागू आहेत. कायद्याचे कलम ५० आणि नियम ५६ हे आपल्या कामाचे. फटफटी असो, जीप असो की ट्रॅक्टर, नियम एकच.

नियम ५६ म्हणतो की मालक वारला आणि गाडी ज्याच्या ताब्यात आली, त्याने मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला दोन गोष्टी कळवायच्या. मालक वारला ही एक, आणि गाडी यापुढे मी वापरणार आहे ही दुसरी. एवढे कळवले की मृत्यूपासून तीन महिने ती गाडी, जणू आपल्याच नावावर झाली आहे अशी, वापरता येते. त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून अर्ज करायचा. अर्जासोबत काय जोडायचे? ठरलेले शुल्क, मृत्यूचा दाखला, आरसी आणि विम्याचे प्रमाणपत्र. नियमाची यादी इथे संपते. त्या यादीत कोर्टाचा दाखला नाही.

आता हे तीस दिवस पाहा. आपल्याकडे दहावा, तेरवी होईपर्यंत घरातली बाई उंबरठ्याबाहेर पडत नाही. मग पाहुणे, मग देणेकरी. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांत करायची असते, तो दाखला हातात पडतो तेव्हा महिना उलटत आलेला असतो. दाखला देताना कोणी तिला सांगते का, की बाई, तुझ्या घरी गाडी असेल तर आजच एक अर्ज टाक, तीन महिने बिनघोर वापर? कोणी सांगत नाही. सवलत कायद्याच्या पुस्तकात आणि बाई अंधारात. मग हीच सवलत उलटी फिरते. मुदत गेली म्हणून खिडकीवरचा माणूस तिलाच गुन्हेगारासारखे बघतो.

कोर्ट कशासाठी?

कोर्टाचा दाखला मागतात, पण कोणता? बहुतेक वेळा 'सक्सेशन सर्टिफिकेट आणा' असे सांगतात. हा दाखला मिळतो भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ खाली. तो कशासाठी? मयताचे लोकांकडे असलेले येणे आणि त्याचे रोखे, शेअर वगैरे वसूल करण्यासाठी. ट्रॅक्टर हे येणे नव्हे आणि रोखाही नव्हे. म्हणजे जो दाखला मुळात ट्रॅक्टरसाठी बनलेलाच नाही, तो ट्रॅक्टरसाठी मागायचा आणि बाईला वकिलाच्या दारी पाठवायचे! दुसरा असतो वारस दाखला. तो दिवाणी कोर्ट देते १८२७ च्या मुंबई विनियमाखाली. पेशवाई बुडून नऊ वर्षे झाली होती तेव्हाचा हा विनियम. तो दाखला जरूर मिळतो, पण त्यासाठी अर्ज, जाहीर नोटीस, तारखा, वकिलाची फी. आठ वर्षे जुन्या फटफटीची किंमत त्यात फिटून जाते.

खिडकीचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले आहे. ते म्हणतात, 'उद्या दुसरा वारस उभा राहिला तर? दिराने भावजयीला फसवले तर?' शंका खोटी नाही. भाऊबंदकी आपल्याकडे काही कमी नाही. पण मग याच सरकारचे दुसरे खाते काय करते ते पाहा. बाप वारला की त्याची पाच एकर काळी जमीन वारसांच्या नावावर कशी होते? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची. तलाठी फेरफार धरतो, चावडीवर नोटीस लावतो, संबंधितांना कळवतो. कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हरकत आली तरच वाद पुढे जातो. पिढ्यानपिढ्यांची जमीन, जिच्यावरून खून पडतात, ती कोर्टात न जाता वारसांच्या नावे लागते. आणि दरवर्षी किंमत उतरणाऱ्या लोखंडाला दिवाणी कोर्ट पाहिजे? जमिनीला जो भरवसा सरकार आपल्यावर ठेवते, तो फटफटीला का ठेवत नाही?

शंका असेल तर अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र घ्या, बाकीच्या वारसांची संमती घ्या. आमची ना नाही. खरोखर भांडण असेल तर खुशाल कोर्टाकडे पाठवा. पण जिथे भांडण नाही तिथे भांडणाचा कागद मागू नका. त्या कागदाने विधवेचे रक्षण होत नाही. तो कागद मिळत नाही म्हणूनच फाटकाबाहेरच्या दलालाचे दुकान चालते. तिथे मेलेला माणूस सही करतो. आणि ज्या दिराच्या भीतीने नियमाबाहेरचा कागद मागितला, तो दीर दलालाला पैसे देऊन भावजयीच्या नकळत गाडी आपल्या नावावर करून घेतो. कडक कागदाचे फळ हे असे.

दलालाचे ऐकणाऱ्यांनाही सांगतो. मयताची सही मारणे ही बनावट दस्तऐवज करण्याची गोष्ट आहे. उद्या भानगड निघाली तर दलाल सापडणार नाही. कागदावर फायदा ज्याचा दिसतो तो सापडेल.

'चालते तसे चालू द्या' याची किंमत

पुष्कळ घरांत तिसराच मार्ग धरतात. कोर्ट नको, दलाल नको, बापाच्या नावावरच गाडी चालू द्या. पोलीस भेटला तर बघू. या 'बघू'ची किंमत मांडून पाहू.

विम्याच्या पॉलिसीत अट असते. एकट्या मालकाच्या नावची पॉलिसी असेल आणि तो वारला, तर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातले जे आधी येईल तोपर्यंतच चालते. तेवढ्यात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची. केली नाही आणि ट्रॅक्टर नाल्यात उलटला, तर त्याच्या नुकसानीची भरपाई मागायला तोंड राहत नाही.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. विम्यात मालक-चालकाचा अपघात विमा असतो. २०१८ पासून तो पंधरा लाख रुपयांचा आहे. त्याची अट अशी की चालवणारा स्वतः नोंदणीकृत मालक असला पाहिजे, पॉलिसीत त्याचे नाव असले पाहिजे आणि त्याच्याकडे लायसन्स असले पाहिजे. बापाच्या नावावरची फटफटी घेऊन पोरगा बाजार समितीत कापसाचा भाव बघायला गेला आणि वाटेत ट्रकखाली आला, तर तो नोंदणीकृत मालक नाही. विम्याचा हप्ता भरला, पोरगा गेला, आणि पंधरा लाख कोणाला मिळणार नाहीत. एका फॉर्मवाचून एकाच घरात दुसऱ्यांदा अंधार.

आणि विकायची म्हटली तर? मयताच्या नावावरची गाडी कोणी सरळ भावात घेत नाही. मग नोटरीच्या कागदावर पडत्या भावात ती जाते आणि आरसीवर नाव मयताचेच राहते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले की गाडी कितीही हातांतून फिरली तरी भरपाईच्या कामी मालक म्हणजे नोंदणीवर ज्याचे नाव आहे तो. त्या नोटरीवाल्याच्या हातून विमा नसताना कोणी मेले, तर नोटीस पत्ता शोधत मयताच्याच दारात येईल. गाडी गेली, पैसे संपले, आणि दावा घरात.

हप्त्याची भीती

ट्रॅक्टर बहुधा कर्जाचा असतो. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असतो. कलम ५१ प्रमाणे कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलत नाही. म्हणून पहिला अर्ज त्यांच्याकडे करा आणि पोच घ्या. संमती देताना ते बाईपुढे कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवतात. 'सही करा, मग बघू.' मायबहिणींनो, हा गठ्ठा वाचल्याशिवाय सही करू नका.

कायदा असा आहे की मयताच्या कर्जाला वारस बांधील असतो तो मयताची जी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरताच. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५० हेच सांगते. मात्र तुम्ही आधीच जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल, तर तुमची जबाबदारी तुमची स्वतःची आहे. नवऱ्याच्या हयातीत कुठे कुठे अंगठा उठवला हे म्हणूनच विचारून ठेवा. आणि कर्जासोबत कर्जदाराच्या जिवाचा विमा उतरवला होता का, हेही विचारा. त्याचा हप्ता कर्जातूनच कापलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

चूक आपलीही आहे

इथवर खिडकीला बोललो. आता आपल्याला बोलतो.

३० एप्रिल २०२१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने हे नियम बदलले. गाडीच्या मालकाला हयातीतच आरसीवर नॉमिनी लावता येतो. नवी गाडी घेताना लावता येतो, जुन्या गाडीला परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून मागाहून लावता येतो, पुढे बदलताही येतो. नॉमिनी लावलेला असेल तर मालक वारल्यावर मृत्यूचा दाखला देऊन गाडी त्याच्या नावावर होते. मग वारस कोण, हा प्रश्न खिडकीला विचारताच येत नाही.

मागच्या बैठकीत आम्ही विचारले, किती जणांच्या आरसीवर नॉमिनी आहे? मांडव भरलेला होता आणि वर आलेले हात बोटांवर मोजता आले. लाज वाटण्यासारखी गोष्ट ही की त्यात आमचा हात नव्हता. आमच्या फटफटीवर आम्ही नॉमिनी लावला तो त्या बैठकीनंतर. दुसऱ्याला शहाणपण सांगणाऱ्याच्या घरची ही गत.

का लावत नाही आपण? मरणाचे नाव काढू नये म्हणून. बियाण्याच्या पिशवीवर लावणाची तारीख लिहितो, पीकविमा काढतो, बैलाचा विमा काढतो, पण स्वतःच्या मरणाचे नाव काढले की अभद्र बोललो असे वाटते. आणि दुसरे, खरे कारण, बायकोचे नाव कागदावर आले की आपली मालकी कमी झाली असे वाटते. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचे वारे या महाराष्ट्रात वाहिले. सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावणारे कोरडवाहू शेतकरी तेव्हा गावोगाव निघाले. ज्यांनी जमीन नावावर करून दिली, त्यांच्याच पोरांना फटफटीच्या कागदावर बायकोचे नाव लिहिण्याचे जड व्हावे?

एक गैरसमज मात्र नको. नॉमिनी म्हणजे एकटा मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये आयुर्विम्याच्या बाबतीत आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीत हेच सांगितले आहे की नॉमिनीच्या हाती वस्तू येते, पण वारसांचे हक्क वारसा कायद्याप्रमाणेच राहतात. गाडीच्या बाबतीतही तसेच समजून वागा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पुरुषाच्या स्वकमाईच्या मालमत्तेत विधवा, मुलगे, मुली आणि मयताची आई यांचा सारखा वाटा असतो. म्हणून नॉमिनी असलेल्या थोरल्या मुलाने आईला आणि बहिणीला बाजूला सारू नये, आणि सुनेने सासूला. हँडल एकाच्या हातात द्यावेच लागते, पण गाडी घराची असते.

काय करायचे

हयातीत करायचे ते असे. या पंधरवड्यात प्रत्येकाने आरसी काढून बघावी. नॉमिनी नसेल तर लावावा. बायकोचे नाव लावले तर उत्तम. आरसी, विमा आणि कर्जाचे कागद एका पिशवीत ठेवावेत आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या बाईला माहीत असावे.

घरात मृत्यू झाला असेल तर गावच्या कार्यकर्त्याने तेरवीची वाट न पाहता तीस दिवसांचा अर्ज लिहून द्यावा आणि त्याची पोच आणून घरी द्यावी. दुःखाच्या घरी भेटायला जातो तेव्हा हा एक कागद सोबत न्यावा. त्याने सांत्वनाहून अधिक काम होईल. मग तीन महिन्यांत फॉर्म ३१, आणि त्याच तीन महिन्यांत विम्याचे नाव.

खिडकीने नियमाबाहेरचा कागद मागितला तर वाद घालू नका. 'कोणत्या नियमाखाली मागता ते लेखी द्या' एवढेच म्हणा. अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. लेखी नकार मिळाला तर कलम ५७ प्रमाणे तीस दिवसांत अपील करता येते. लेखी मागितल्यावर पुष्कळ अडचणी जागेवर नाहीशा होतात, हा आमचा अनुभव आहे, कारण नियमात नसलेली गोष्ट तोंडाने मागता येते, पण शिक्का मारून मागता येत नाही.

आणि सरकारकडे आपल्या तीन मागण्या आहेत. पहिली, वारसांत वाद नसेल तिथे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची संमती यापुढे काहीही मागू नये, तसा लेखी आदेश प्रत्येक आरटीओ कार्यालयाच्या फलकावर लावावा. दुसरी, ग्रामपंचायतीने मृत्यूचा दाखला देताना तीस दिवसांच्या अर्जाची छापील चिठ्ठी सोबत द्यावी. तिसरी, खरिपाच्या तोंडावर तालुक्याच्या ठिकाणी शिबिर घेऊन वारसांच्या गाड्यांचे काम एका दिवसात निकाली काढावे.

यात अनुदान मागितलेले नाही, माफी मागितलेली नाही. जे आपले आहे ते आपल्या नावावर करून द्या, एवढेच मागणे आहे. त्या बाईचा अर्ज आम्ही सोबत बसून लिहिला. बँकेची संमती घेतली, सासूची आणि मुलांची संमती जोडली, कोर्टाचा दाखला कोणत्या नियमाखाली हवा ते लेखी मागितले. लेखी उत्तर आले नाही, आरसी आली. पण तोवर दिवाळी होऊन गेली होती, आणि पेरणीचे भाडे तिने उसनवारी करून भरले होते. ते भाडे तिला कोण परत करणार, हा प्रश्न आम्ही पुढच्या जिल्हा बैठकीत मांडणार आहोत.

बैठकीला येताना आपापली आरसी सोबत आणा. येताना बायकोलाही घेऊन या. नाव तिचे लावायचे आहे.